सहा दिवस, पुष्कळ तिकिटं

बाबा एसटीत कंडक्टर होते, कराड आगारात. मी टपाल खात्यात. त्यांनी जन्मभर प्रवासाची तिकिटं विकली आणि मी टपालाची. लहानपणी रात्री जाग आली की दिव्याखाली बाबा वेबिल जुळवत बसलेले दिसायचे. शेजारी तिकिटांचा ट्रे, रंगीत गड्ड्या, त्यांना अडकवलेले रबर, आणि चिल्लरीचे लहान लहान ढीग. हिशेबात चार आणे कमी आले तर आई फडताळातल्या डब्यातून काढून द्यायची. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिकिटाला भोक पाडायचा पंच आगारात जमा केला. त्यांनी पंच केलेली दहा-बारा तिकिटं मात्र माझ्या डायरीत अजून आहेत.

मावसबहीण अनघा शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाली, “ताई, आज मला तिकीट मिळालं.” मी विचारलं, “कुठे निघालीस?” तर म्हणाली, “कुठे नाही गं, गाडी चुकीच्या जागी लावली होती, त्याचा दंड.” तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळत होता. तिकडे दंडाच्या कागदाला तिकीट, धोब्याच्या पावतीला तिकीट, निवडणुकीतल्या उमेदवारांच्या जोडीलाही तिकीटच. आपली एसटी सुरू झाली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. त्याच काळातल्या अमेरिकेत माणसांच्या खिशात कसली कसली तिकिटं असायची, ते बघायचं ठरवूनच या सप्टेंबरात मी निघाले.

दिवस पहिला, गुरुवार. न्यूयॉर्क

ब्रुकलिनचं ट्रान्झिट म्युझियम जमिनीखाली आहे. इथलं कोर्ट स्ट्रीट स्टेशन १९४६ साली बंद पडलं, १९७६ साली तिथेच संग्रहालय उघडलं. आपण भुयारी गाडी पकडायला उतरावं तसा जिना उतरतो आणि खाली तिकिटाच्या खिडक्या, फिरते दांडे, रुळांवर उभे जुने डबे असं सगळं समोर येतं.

१९०४ साली ही भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा भाडं होतं पाच सेंट. खिडकीवर कागदी तिकीट घ्यायचं आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या पेटीत टाकायचं. त्याने दांडा हलवला की आत तिकिटाचे तुकडे. त्या माणसाला ‘चॉपर’ म्हणत. मी त्या पेटीपाशी बराच वेळ उभी राहिले. वापरलेलं तिकीट पुन्हा वापरलं जाऊ नये ही काळजी जगातल्या प्रत्येक कंडक्टरची. बाबा त्यासाठी पंच वापरायचे, इथे पेटीत दात बसवले होते.

पुढे नाणं टाकलं की फिरणारे दांडे आले आणि कागद गेला. पाच सेंटचं भाडं तब्बल त्रेचाळीस वर्षं हललं नाही. १ जुलै १९४८ रोजी ते दहा झालं, आपली पहिली एसटी सुटल्यानंतर बरोबर एका महिन्याने. २५ जुलै १९५३ रोजी पंधरा झालं तेव्हा खरी अडचण आली. पंधरा सेंटचं नाणंच नव्हतं आणि दांड्याच्या यंत्राला एकाच प्रकारचं नाणं ओळखता येई. म्हणून टोकन काढलं. आपल्या जुन्या दहा पैशांहूनही लहान, पितळी रंगाचं, मधल्या ‘वाय’ अक्षराच्या दोन्ही बाजूंनी आरपार कोरलेलं. पन्नास वर्षं, म्हणजे २००३ पर्यंत, न्यूयॉर्कच्या माणसाच्या खिशात कुठलं ना कुठलं टोकन खुळखुळत राहिलं. सुट्ट्या पैशांच्या टंचाईतून वस्तू जन्माला येते, हे कंडक्टरच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जेवायला हाउस्टन स्ट्रीटवरच्या कॅट्झमध्ये गेले. १८८८ सालचं दुकान. दारात शिरताना प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. काउंटरवर जे घ्याल त्याची किंमत तिथला माणूस त्यावर लिहितो आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे भरायचे. काहीही खाल्लं नसलं तरी कोरं तिकीट परत द्यावंच लागतं, आणि हरवलं तर पन्नास डॉलर. गेल्या शतकाच्या मध्यात न्यूयॉर्कच्या कितीतरी कॅफेटेरियांत हीच रीत होती. मी बटाट्याचे लाटके घेतले, साधारण आपल्या उपासाच्या थालीपिठाच्या जातीचे, आणि तिकीट मुठीत धरून बसले. आपल्याकडे आधी पैसे आणि मग तिकीट. इथे आधी तिकीट, मग पोटभर जेवण, मग पैसे. शेजारच्या टेबलावर एक आजोबा दर दोन मिनिटांनी खिशाला हात लावून तिकीट आहे ना ते बघत होते.

दुपारी सेंटर स्ट्रीटवर चिनी अमेरिकनांच्या संग्रहालयात गेले, ते लाँड्रीच्या तिकिटासाठी. १९३०च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये हजारो चिनी हातधुलाईची दुकानं होती. त्या पेशाला चिनी माणसं स्वतः ‘आठ पौंडांची रोजीरोटी’ म्हणत, कारण इस्त्रीचं वजन आठ पौंड. गिऱ्हाईक शर्ट-चादरी टाकून जाई, दुकानदार कागदावर चिनी लिपीत खूण करून तो दोन भागांत फाडी. एक भाग गाठोड्याला, दुसरा गिऱ्हाइकाला. दोन्ही जुळले की कपडे परत. गिऱ्हाइकाला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नसे, तरी तो कागद तो जपून ठेवी.

तिकीट नाही तर कपडे नाहीत, एवढा साधा नियम. पण गोऱ्या वस्तीने त्यावरून चिनी माणसाच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल करणारं एक टोमण्याचं वाक्य बनवलं आणि ते पिढ्यान् पिढ्या शाळेच्या मैदानापासून नाटकाच्या रंगमंचापर्यंत म्हटलं गेलं. मला ते इथे लिहायचं नाही. पावती मागणं हे हिशेबी माणसाचं कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्याचीच चेष्टा झाली. १९४३ पर्यंत चिनी माणसाला अमेरिकेत नव्याने येऊन स्थायिक व्हायला कायद्याने जवळजवळ बंदीच होती. ती उठली तेव्हाही वर्षाला फक्त १०५ जणांना परवानगी. आपल्यासाठी दार किलकिलं झालं १९४६ साली, वर्षाला शंभर भारतीय. संध्याकाळी रस्त्यावरून चालताना हे दोन आकडे डोक्यातून जाईनात.

दिवस दुसरा, शुक्रवार. कोलंबिया आणि रात्रीची गाडी

सकाळी ११६व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरले. समोरच कोलंबिया विद्यापीठ. कुठल्याही मराठी माणसाची पावलं इथे थोडी सावकाश पडतात. बाबासाहेब १९१३ साली इथे शिकायला आले. हे स्टेशन १९०४ सालचं, म्हणजे त्यांच्या विद्यार्थिदशेत इथे पाच सेंटचं कागदी तिकीट आणि तिकीट चिरणारी पेटी होती. ५ जून १९५२ रोजी याच विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट घ्यायला ते परत आले तेव्हा पेटी गेलेली होती आणि भाडं दहा सेंट झालं होतं. पाच सेंट आणि दहा सेंट यांच्यामध्ये एका माणसाने केवढं काम करून ठेवलं होतं! लो लायब्ररीच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसले आणि निघाले.

दुपारी लेक शोअर लिमिटेडने शिकागोकडे. जवळजवळ वीस तासांचा प्रवास. हडसन नदी डाव्या हाताला, संध्याकाळपर्यंत सोबतीला. माझं तिकीट मोबाइलवर होतं. कंडक्टरने ते यंत्राने टिपलं आणि मग एका कागदाच्या तुकड्यावर माझ्या उतरायच्या स्टेशनची अक्षरं लिहून तो तुकडा सीटच्या वर खोचला. रात्री कुणाला कुठे उठवायचं ते त्याला वर बघून कळतं. मला फार बरं वाटलं. एवढी यंत्रं आली तरी शेवटी भरवसा हाताने लिहिलेल्या चिटोऱ्यावरच.

पूर्वी हा चिटोरा पुरुषांच्या हॅटच्या पट्टीत खोचत. आणि त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, काही रेल्वेंच्या तिकिटांवर प्रवाशाचं वर्णनच छापलेलं असे: केस फिके की गडद, डोळे कसे, नाक मोठं की लहान. कंडक्टर योग्य ठिकाणी भोक पाडी, म्हणजे तिकीट दुसऱ्याला विकता येऊ नये. हर्मन हॉलरिथ नावाच्या तरुण इंजिनिअरने प्रवासात हे पाहिलं आणि माणसांची माहिती भोकांनी नोंदवायची कल्पना त्यातून उचलली. १८९० सालची अमेरिकेची जनगणना त्याच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली तिचं नाव नंतर आयबीएम झालं. संगणकाच्या पणजोबांमध्ये एका कंडक्टरचा पंच आहे, हे बाबांना सांगायचं मी डायरीत लिहून ठेवलं.

दिवस तिसरा, शनिवार. शिकागो

सकाळी युनियन स्टेशनवर अनघा उभी होती. १९२५ सालचा तो मोठा दालनासारखा हॉल, वरून पडणारा उजेड. त्या काळी शिकागोत लांब पल्ल्याच्या गाड्यांची सहा मोठी स्टेशनं होती आणि पूर्वेची गाडी एका स्टेशनावर येई तर पश्चिमेची दुसऱ्याच स्टेशनावरून सुटे. म्हणून न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाचं तिकीट म्हणजे हातभर लांब पट्टी असायची. प्रत्येक रेल्वे कंपनीचा एक तुकडा आणि मध्ये शिकागोतल्या या स्टेशनावरून त्या स्टेशनावर नेणाऱ्या पार्मली कंपनीच्या गाडीचा एक तुकडा. प्रवास पुढे सरके तशी पट्टी आखूड होत जाई.

अनघाने गाडी थेट पुलमनला नेली. शहराच्या दक्षिणेला, जिथे झोपायचे डबे बनत. त्या डब्यातून जायचं तर दोन तिकिटं लागत, एक रेल्वेचं आणि एक बर्थचं. खालचा बर्थ महाग, वरचा स्वस्त. प्रवासी चढला की कंडक्टर दोन्ही तिकिटं ताब्यात घेऊन ठेवी, म्हणजे रात्री त्याला उठवायला नको.

ही तिकिटं घेणारा पुलमन कंडक्टर गोरा असे. अंथरूण घालणारा, बूट पुसणारा, रात्रभर जागा राहणारा पोर्टर काळा. गोरे प्रवासी त्याला सर्रास ‘जॉर्ज’ म्हणत, कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. महिन्याला चारशे तास काम. काही गाड्यांवर कंडक्टर न ठेवता पोर्टरकडेच तिकिटांचंही काम सोपवत, थोड्याशा जादा पैशांवर. पण त्याला कंडक्टरचा हुद्दा मिळत नसे. काम तेच, हिशेबाची जबाबदारी तीच, नाव मात्र पोर्टर. पोर्टरांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावाच्या इथल्या संग्रहालयात त्यांच्या संघटनेची सगळी कथा आहे. १९२५ साली संघटना उभी राहिली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडलं. बारा वर्षं. एसटी कामगारांच्या संपाच्या दिवसांत आमच्या घरात चूल कशी पेटायची ते मला आठवतं. भिंतीवरच्या त्या गणवेशातल्या माणसांकडे बघताना मी त्यांच्या घरातल्या बायकांचा विचार करत होते.

संध्याकाळी अनघाच्या शेजारच्या आजी जेवायला आल्या, निवृत्त शिक्षिका. तिकिटांचा विषय निघाला तशा खुलल्या. १९५२ साली अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या पक्षांची, अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणारी अधिवेशनं शिकागोतच झाली होती, एकाच सभागृहात. एकीकडून आयसेनहॉवर-निक्सन हे तिकीट बाहेर पडलं, दुसरीकडून स्टीव्हन्सन-स्पार्कमन. आपल्याकडे तिकीट एकेकाला मिळतं किंवा एकेकाचं कापलं जातं. तिकडे तिकीट म्हणजे सगळी यादीच. एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. आपल्या सगळ्या उमेदवारांची नावं एका कागदावर, तो कागद पेटीत टाकला की झालं मत. तो कागद म्हणजे तिकीट. पुढे मतपत्रिका सरकारी झाली, शब्द राहिला. आजी सांगत होत्या, इलिनॉयमध्ये पक्षाच्या नावापाशी एक वर्तुळ असे. त्यात एक फुली मारली की वरपासून खालपर्यंत सगळी मतं त्या पक्षाला. याला म्हणायचं ‘स्ट्रेट तिकीट’. त्यांची आई जन्मभर एकाच वर्तुळात फुली मारत आली आणि वडील दोन्ही रकान्यांत निवडून निवडून खुणा करत. “मतदानाच्या दिवशी आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नसे,” आजी म्हणाल्या.

दिवस चौथा, रविवार. युनियन गाव

आजचा दिवस माझ्यासाठी सगळ्यांत मोठा. शिकागोच्या वायव्येला मक्याच्या शेतांमधून दीड तास गाडी हाकली की युनियन नावाचं छोटं गाव लागतं. तिथे इलिनॉय रेल्वे म्युझियम आहे, १९५३ साली काही हौशी माणसांनी सुरू केलेलं. शहरं ट्रामगाड्या मोडीत काढत होती आणि ही माणसं पदरचे पैसे घालून एकेक गाडी विकत घेत होती. शिकागोची शेवटची ट्राम २१ जून १९५८ रोजी धावली. युद्धानंतर शिकागोने घेतलेल्या त्या सुबक हिरव्या-पिवळ्या ट्रामपैकी एकच आज शिल्लक आहे, ४३९१ क्रमांकाची, ती इथे.

आम्ही एका जुन्या ट्राममध्ये बसलो. टोपी घातलेला, सत्तरीचा स्वयंसेवक कंडक्टर तिकीट बघत आला. मी अनघाला म्हटलं, विचार त्यांना, पंच बघू द्याल का? त्यांनी आनंदाने हातात दिला. मी डायरीतून बाबांनी पंच केलेलं एसटीचं तिकीट काढून दाखवलं. “हे माझ्या वडिलांनी पाडलेलं भोक,” अनघाने भाषांतर केलं. त्यांनी चष्मा वर करून ते तिकीट उजेडात धरलं आणि मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या रेल्वेवर पंचांचे आकार वेगवेगळे असत. कुणाचा चांदणी, कुणाचा फुली, कुणाचा एखाद्या पानासारखा. भोक बघून कळे की तिकीट कुठल्या कंडक्टरच्या हातून गेलंय. म्हणजे ते भोक म्हणजे सहीच. मग त्यांनी विचारलं, “मी यावर माझंही पाडू का?” मी मान हलवली. बाबांच्या गोल भोकाशेजारी आता एक छोटं त्रिदल आहे.

गाडी सुरू असताना ते ट्रान्सफरबद्दल सांगत होते. एका ट्राममधून उतरून दुसरीत चढायचं तर पुन्हा पैसे नकोत म्हणून कंडक्टर एक पातळ कागद देई. त्यावर तारीख, मार्ग, दिशा आणि वेळ. वेळेच्या आकड्याशी फाडायचा किंवा भोक पाडायचं. मुदत संपली की तो कागद रद्दी. दिवसभर त्या कागदांवरून वाद. “माझी आधीची गाडीच उशिरा आली” हे वाक्य प्रत्येक प्रवाशाकडे तयार असे. हे ऐकताना मला कराडचा स्टँड दिसत होता.

परतताना हमरस्त्यालगतच्या एका गावात जुन्या वस्तूंचं दुकान लागलं. मालकीणबाईंनी कागदपत्रांचा एक पुठ्ठ्याचा खोका पुढे केला. दोन तास आम्ही दोघी जमिनीवर बसून तो उपसत होतो.

गुलाबी पुठ्ठ्याचं खानावळीचं तिकीट, कडेने पाच-दहा सेंटचे आकडे छापलेले आणि अर्ध्याअधिक आकड्यांवर भोकं. पाच डॉलर आगाऊ भरले की साडेपाच डॉलरचं जेवण मिळे आणि दर जेवणाला मालक आकडे पंच करी. गावाबाहेर नोकरी करणाऱ्या एकट्या पुरुषाचा महिना या पुठ्ठ्यावर निघायचा. म्हणूनच ज्याच्या कमाईवर आपलं पोट भरतं त्या माणसाला इंग्रजीत जेवणाचं तिकीट म्हणू लागले. आपण पोशिंदा म्हणतो, त्यात माया आहे. त्यांच्या शब्दात कोरडा हिशेब आहे, बऱ्याचदा टोचणीही.

सिनेमाचं लाल तिकीट, नखाएवढं. एका बाजूला ‘एकास प्रवेश’ आणि खाली बारीक अक्षरांत: किंमत ४२ सेंट, केंद्रीय कर ८ सेंट, एकूण ५०. १९४४ साली युद्धखर्चासाठी करमणुकीवरचा कर दहा टक्क्यांवरून वीस केला आणि युद्ध संपून जवळजवळ नऊ वर्षं होईपर्यंत तसाच ठेवला. १९५४ मध्ये तो उतरवला तेव्हा पन्नास सेंटपर्यंतची तिकिटं करातून सुटली. प्रेमात पडलेल्या पोरापोरींच्या तिकिटातही आठ सेंट सरकारचे, आणि ते लपवलेले नाहीत, छापलेले. आपली जुनी सिनेमाची तिकिटं मला आठवली, त्यांवरही करमणूक कर वेगळा लिहिलेला असे.

बेसबॉलच्या तिकिटाचा फाटका तुकडा होता. त्यावर ‘रेन चेक’ छापलेलं. ठरावीक डाव होण्याआधी पावसाने सामना धुऊन काढला तर हा तुकडा दाखवून पुढच्या सामन्याला या. त्यावरून, कुणी चहाला बोलावलं आणि आज जमत नसेल तर अमेरिकन माणूस म्हणतो, मला रेन चेक दे. नकार द्यायचा पण नातं तोडायचं नाही, त्यासाठी केवढा सुंदर शब्द! आपल्या कोकणातल्या पावसात तर हा शब्द जन्मायला हवा होता.

गहाणाच्या दुकानाचं एक तिकीट निघालं, घड्याळाचं. मागे पेन्सिलीने फक्त एक तारीख. ते घड्याळ सुटलं की नाही, कोण जाणे. मी ते विकत घेतलं नाही. कुणाची तरी अडचण मी घरात का ठेवावी?

आणि तळाशी डिस्नेलँडचं तिकिटांचं पुस्तक. ते उद्यान १७ जुलै १९५५ रोजी उघडलं आणि त्याच ऑक्टोबरात ए, बी, सी अशा कुपनांची पुस्तकं निघाली. पुढे डी, आणि १९५९ मध्ये ई. ए म्हणजे लहानसहान गमती, ई म्हणजे सगळ्यांत थरारक खेळ. या पुस्तकातली ई कुपनं फाडून संपलेली होती, ए आणि बी तशीच. घरोघरी असंच असायचं, म्हणाल्या मालकीणबाई. मुलं ई आधी संपवत आणि ए कुपनं खणात वर्षानुवर्षं पडून राहत. १९८३ साली सॅली राइड अंतराळात गेली तेव्हा त्या अनुभवाला तिने ई तिकीटच म्हटलं. पुस्तकं त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती, तरी सगळ्या देशाला कळलं.

मी खानावळीचं आणि सिनेमाचं तिकीट घेतलं. तीन डॉलर.

दिवस पाचवा, सोमवार. शिकागो ते डिअरबॉर्न

दिवस गाडीतच गेला. बाहेर मिशिगनची झाडं नुकती रंग बदलू लागलेली. खिडकीतून प्रत्येक गावात गाड्यांचे ताफे दिसत होते आणि दंडाचं तिकीट इथेच का रुजलं ते कळत होतं. पहिलं पार्किंग मीटर ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ रोजी बसलं. पंधरा-वीस वर्षांत गावोगावच्या मुख्य रस्त्यावर मीटरच मीटर झाले आणि काचपुसणीखाली खोचलेला कागद हा रोजचा प्रसंग झाला. ओळखीने असा दंड रद्द करून घेण्यालाही त्यांच्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे, तिकीट ‘फिक्स’ करणं. संध्याकाळी डिअरबॉर्नला उतरून लवकर झोपले.

दिवस सहावा, मंगळवार. हेन्री फोर्ड संग्रहालय

२८५७ क्रमांकाची बस. पिवळी, हिरवी, पांढरी. अलाबामातल्या एका शेतात वर्षानुवर्षं गंजत पडलेली ही बस संग्रहालयाने २००१ साली ४,९२,००० डॉलरला घेतली आणि दुरुस्त करून इथे उभी केली. आत जाता येतं, बसता येतं. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी माँटगमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देऊन रोझा पार्क्स ही काळी बाई याच बसमध्ये बसून राहिली, आणि तिला अटक झाली.

मी पुढच्या दाराने चढले आणि आधी पैशांची पेटी शोधली. सवय. ड्रायव्हरशेजारी ती असते. भाडं दहा सेंट, काळ्याला गोऱ्याला सारखंच. मात्र काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे टाकायचे, मग खाली उतरायचं, बाहेरून चालत मागच्या दाराशी जायचं आणि तिथून चढायचं. कधी कधी तो मागे पोचायच्या आत बस निघून जाई. रोझा पार्क्सवरही हा प्रसंग आला होता, १९४३ साली. पैसे भरून त्या पुढून आत आल्या, ड्रायव्हरने उतरून मागून चढायला फर्मावलं आणि बस त्यांना न घेता गेली. बारा वर्षांनी ज्याने पोलिसांना बोलावलं तो हाच ड्रायव्हर.

मी उतरले. बाहेरून चालत मागच्या दारापाशी गेले. काही पावलं, बस्स. पण पैसे भरून झाल्यावर ती चालायची.

त्या रात्री त्यांना जामिनावर सोडवायला आलेले ई. डी. निक्सन पुलमन पोर्टर होते, पोर्टरांच्या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष. शनिवारी भिंतीवर पाहिलेले गणवेश मला इथे पुन्हा भेटले. कोर्टाने रोझा पार्क्सना खर्चासह चौदा डॉलर दंड केला. मग शहरातल्या काळ्या वस्तीने बसवर पाय ठेवला नाही, ३८१ दिवस. सुरुवातीला काळ्या टॅक्सीवाल्यांनी माणशी दहाच सेंट घेतले, बसइतकेच. तेव्हा शहराने नियमावर बोट ठेवलं, टॅक्सीचं भाडं किमान पंचेचाळीस सेंट. मग लोकांनी स्वतःच्या गाड्या काढून माणसं कामावर पोचवायला सुरुवात केली. आणि इथे ते दुसरं तिकीट आलं, दंडाचं. पोलीस या गाड्या थांबवून एकामागून एक तिकिटं फाडू लागले: वेग जास्त, वेग कमी, थांबलात तिथे का थांबलात. बहिष्काराची पहिली हाक देणाऱ्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांना अशी कितीतरी मिळाली. २६ जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली ती ताशी पंचवीस मैलांच्या रस्त्यावर तीसने गाडी चालवली म्हणून. तारीख वाचून मी थबकले. आपल्याकडे त्या दिवशी प्रजासत्ताकाची सहा वर्षं पुरी झाली होती.

रात्री नऊला हॉटेलातून बाबांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा, त्यांचा चहा झालेला. पंचाच्या चांदण्या, फुल्या, त्रिदल सांगितलं. हॉलरिथचं सांगितलं. ते खुशीत हं हं करत होते. मग बसचं सांगितलं, पुढचं दार, मागचं दार.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कंडक्टरच्याच आवाजात विचारलं, “पैसे घेतल्यावर तिकीट कसलं द्यायचे?”

“तिकीट नाही बाबा. पेटीत नाणं टाकायचं. गाडी बदलायची असेल त्यालाच कागद मिळायचा.”

“मग खाली उतरवलं आणि गाडी गेली, तर त्या बाईच्या हातात काय?”

मी म्हटलं, “काही नाही.”

पलीकडे आईने त्यांना काहीतरी विचारलं. ते तिला म्हणाले, “थांब जरा,” आणि मला म्हणाले, “ते दोन भोकांचं तिकीट नीट ठेव. प्लॅस्टिकमध्ये घाल. इथं आलीस की आधी मला दाखव.”